मातीतल्या पायाचा धाकटा भाऊ

मी एक जुना पाय आहे. उजवा.

हसू नका, मित्रांनो. शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीला बोलायला लावता, पडक्या विहिरीला बोलायला लावता आणि वर त्याचे गुणही मिळवता. मग पायानंच काय घोडं मारलंय? मला डोळे नाहीत, कान नाहीत, मग हे सगळं मी पाहिलं कसं आणि ऐकलं कसं, असं कुणी विचारेल. छत्रीला हे कधी विचारलं नाहीत, तर मलाही विचारू नका. शिवाय माझ्याजवळ वेळ थोडा आहे. सिरसाळ्याच्या शिवारात, एका शेताच्या कडेला कडुनिंबाखाली, एक माणूस खड्डा खणतो आहे. तो खड्डा माझ्यासाठी आहे. त्याचं खणून होईपर्यंत मी तुम्हाला माझी गोष्ट सांगतो.

गुडघ्याखाली ज्यांचा पाय गेलेला असतो त्यांच्यासाठी रबराचा पाय करतात, तो मी. लोक आम्हाला जयपूर फूट म्हणतात. माझ्या टाचेत स्पंजाचं रबर आहे, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे आणि त्यावर गव्हाळ रंगाचं रबर चढवून मला साच्यात भाजलं. साचा उघडला तेव्हा मला पाच बोटं होती, नखंसुद्धा होती, फक्त बोटं एकमेकांना चिकटलेली. वरची पोटरी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, ठोकून ठोकून गोल केलेली, आणि तिला बांधायला चामड्याचे पट्टे. रबर, लाकूड, पत्रा, चामडं. यातला मी नेमका कोणता, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नवी वस्तू असले प्रश्न विचारत नाही, ती आपली चकाकत बसते. मीही चकाकत बसलो होतो.

ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ निघत होते, घरांच्या माळवदावर ताटं उपडी घातल्यासारख्या डिश दिसू लागल्या होत्या आणि किराणा दुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. बीडला एक शिबिर भरलं. तिथं मला महारुद्रआप्पांच्या पायाला लावलं.

आप्पा म्हणजे सिरसाळ्याचे किराणा आणि भुसारचे दुकानदार. उंच, गोरे, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या आणि आवाज असा की धान्याच्या मोंढ्याच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाचा हमाल वळून बघे. सरकीच्या पेंडीनं भरलेला टेम्पो घेऊन ते येत असताना धारूरच्या घाटात टेम्पो उलटला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला, पाय मात्र वाचवता आला नाही. काढलेला पाय घरच्यांच्या हवाली केला. तो घेऊन गावी आला आप्पांचा धाकटा भाऊ, संगमेश.

या घरात माणूस गेलं की जाळत नाहीत. विभूती लावून, बसवून, मातीत ठेवतात. पण नुसत्या पायाला बसवायचं कसं, हे कुणाला ठाऊक असणार? संगमेशनं कुणाला विचारलं नाही. शेताच्या कडेला कडुनिंबाखाली, वडिलांच्या समाधीशेजारी, त्यानं एकट्यानं खड्डा घेतला, पाय ठेवला, माती लोटली आणि परत दवाखान्यात भावाच्या उशाशी जाऊन बसला.

इथपर्यंत सगळं दुःखाचं असलं तरी सरळ होतं. पुढं मात्र एक विचित्र गोष्ट घडली. जखम भरली, आप्पा कुबड्यांवर घरी आले आणि नसलेला पाय दुखायला लागला.

कसा दुखायचा म्हणता? अंगठा आत वळून त्याचं नख तळव्यात रुतल्यासारखा. करंगळी चेपून धरल्यासारखी. आप्पा दुकानात गिऱ्हाईकाला साखर मोजता मोजता एकदम ओरडायचे आणि रिकाम्या धोतराकडे हात न्यायचे. हाताला काही लागायचं नाही. खाजवायला पायच नाही, तर खाजवणार काय? त्यांच्या पत्नी शिवम्मा तेलाची वाटी घेऊन धावत यायच्या आणि मध्येच थबकायच्या. तेल चोळायचं कुठं?

शेजारी कडूबाई म्हणून एक म्हातारी होती. मनानं वाईट नव्हती, पण तिच्याकडे प्रत्येक दुखण्याचं कारण तयार असे. ती म्हणाली, "आखूड खड्ड्यात कोंबला असंल बाबा. बोटं मुडपली असतील. मातीत तसा हाय तंवर तसाच छळणार."

झालं. आप्पांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. संगमेश पहिल्यापासून घाईचा. पोतं शिवतानाही दोन टाके कमी घालणारा. त्यानंच घाईघाईनं छोटा खड्डा केला असणार.

"नीट पुरलास का रे?" आप्पांनी विचारलं.

"नीटच पुरलाय, अण्णा."

"नीट म्हंजी कसा? लांब ठिवला का आडवा? बोटं वर होती का खाली?"

संगमेशला सांगता येईना. आप्पांना तेवढंच पुरलं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एका गल्ल्यावर बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. काही सांगायचं झालं तर शिवम्मांना मध्ये घालत. दोन हातांवर असलेल्या माणसाला निरोप पाठवण्याचं हे काम त्या बिचाऱ्या स्वयंपाक टाकून करत.

अशा घरात मी आलो, मित्रांनो. नवा कोरा, चकाकता. आप्पांनी मला एकदा बांधलं आणि कळ आल्यासारखा चेहरा करून लगेच सोडलं. म्हणाले, "ह्या पत्र्यात माझा जुना पाय मुडपून घातल्यासारखं वाटतंय. न्हेऊन टाका ते रबर." ते मला पाय म्हणतच नसत. ते रबर, नाहीतर तो डबा. शाम्पूच्या माळेशेजारी एका खिळ्यावर मला टांगलं आणि गिऱ्हाईकं माझ्याकडे बोट दाखवून भाव विचारू लागली.

त्या दिवसांत मला खूप वाईट वाटे, हे मी लपवत नाही. चालण्यासाठी जन्मलेल्यानं खिळ्यावर लटकावं, याहून मोठी शिक्षा कोणती? पण शिवम्मा रोज सकाळी दुकानातल्या देवाचा फोटो पुसत आणि त्याच फडक्यानं मला पुसत. माझ्या चिकटलेल्या बोटांमधल्या खाचांत धूळ बसे, ती त्या पदराच्या टोकानं काढत. "आज ना उद्या उपेगाला येशील बाबा," म्हणत. त्यांचे उपकार मी कसे विसरू? त्या पुसत होत्या म्हणून मी पाय राहिलो, नाहीतर केव्हाच अडगळ झालो असतो.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं आणि गोष्ट टोकाला गेली. दसरा झाला की दुकानाची वाटणी करायची, असं आप्पांनी जाहीर केलं. विटासुद्धा येऊन पडल्या. बापानं दोघांच्या हातात दिलेलं एकच दुकान, त्याच्या मधोमध भिंत उभी राहणार होती, आणि ती एका पुरलेल्या अंगठ्यापायी. शिवम्मा त्या विटांकडे पाहून डोळे पुसत.

सुग्रीव मास्तर अशा वेळी चहाला आले. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. आप्पा आणि ते एका बाकावर शिकलेले. गावातल्या बुद्धविहाराची किल्ली मास्तरांकडे असे. रोज संध्याकाळी ते तिथं दिवा लावून बराच वेळ डोळे मिटून बसत. आप्पा त्यांची थट्टा करत, "मास्तर, झोपायचं तर घरी झोपावं की." मास्तर हसत. त्या दिवशी मास्तरांनी विटा पाहिल्या आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"कशाच्या ह्या?"

"वाटणीच्या. भावानं पाय वाकडा पुरला. अजून बोटं दुखत्यात."

मास्तरांनी आप्पांच्या रिकाम्या धोतराकडे पाहिलं. मग म्हणाले, "महारुद्रा, माणसाच्या घराला पाच दारं असत्यात. डोळा, कान, नाक, जीभ अन् कातडी. ह्यातनं सगळं जग आत येतं. सहावं दार मन. ते कधी बंद न्हाई. अन् आत जे जे येईल त्याच्यावर ते शिक्का मारत बसतं, हे माझं, हे माझं. तुझ्या पाचव्या दाराचा एक कोपरा गुडघ्याखाली बंद झालाय. सहाव्याला त्याची खबर अजून कुणी दिली न्हाई."

आप्पा भडकले. "म्हंजी मी खोटं बोलतो काय बे? कळ काय ढोंगाची हाय?"

"कळ खरीच हाय. मी कुठं न्हाई म्हणतो? पर कळ येगळी अन् तिच्याभवती तू रचलेली कहाणी येगळी. भाऊ घाईचा, खड्डा आखूड, बोटं मुडपली. ह्यातलं तू काय बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? मला कळतंय की."

"मग भिंत घालायच्या आधी चल, बघून येऊ. ये अन् बघ, एवढंच आमच्या विहारात सांगत्यात. न बघता मान, असं कुणी सांगत न्हाई."

आतून शिवम्मा एकदम म्हणाल्या, "उकराच एकदाचं. लांब करून ठिवा बोटं. मग तरी ह्या घरात लोक एकमेकांशी बोलतील." मला खिळ्यावरून काढून त्यांनी काखेत घेतलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळचं ऊन होतं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. आप्पा कुबड्यांवर, मागे शिवम्मा आणि मी, शेजारी मास्तर. संगमेश आधीच कुदळ घेऊन उभा होता. समाधीला हात लावून पाया पडला आणि खणायला लागला. कुदळ हळू मारत होता, कुणाला लागेल अशी भीती वाटल्यासारखा. मग कुदळ टाकून त्यानं हातांनीच माती बाजूला केली.

खड्डा आखूड नव्हता. चांगला लांबरुंद होता. आणि तळाशी पाय नव्हता.

म्हणजे हाडं होती, मित्रांनो. काळ्या मातीत विखुरलेली, पिवळसर, काही बोराच्या बीएवढी लहान. मुळं त्यांच्यातून आरपार गेली होती. पण पाय म्हणावा असं काही नव्हतं. मुडपलेला नाही आणि सरळही नाही. आप्पा कुबड्या टाकून खड्ड्याच्या काठावर खाली बसले. ओंजळीत ती हाडं घेऊन मांडायला लागले. ही करंगळी असंल. हा अंगठा. न्हाई, हा अंगठा.

"आता दुखतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"दुखतंय." आप्पा म्हणाले. "लई दुखतंय, मास्तर. अंगठा माझ्या हातात हाय अन् दुखतोय तिकडं, जिथं काईच न्हाई."

आप्पा तळहातावरच्या त्या हाडाकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. "मग ह्याच्यात मी कुठला, मास्तर?"

"हुडक," मास्तर म्हणाले. "घावला तर मलाबी सांग. मी लई वर्सं हुडकायलोय."

तेवढ्यात शिवम्मा वाकल्या. मातीत काहीतरी चमकत होतं. त्यांनी बोटानं उचललं तर जरीच्या काठाचा तुकडा निघाला, हातभर लांब. कापड कुजून गेलं होतं, जर राहिली होती. शिवम्मांनी ती पदराला पुसली आणि ओळखली.

"भावजी, हे तुमच्या लग्नातलं उपरणं न्हवं का?"

संगमेश खाली बघत म्हणाला, "चांगलं कापड दुसरं न्हवतं घरात."

त्या घरात लग्नातलं उपरणं माणूस जन्मभर जपतो आणि शेवटी त्याच्याच अंगावर ते घालतात. संगमेशनं आपलं भावाच्या पायाला घातलं होतं. आप्पांनी तो जरीचा तुकडा हातात घेतला.

"बोलला कावून न्हाईस बे?"

"तुमी ईचारलं, लांब ठिवला का आडवा, बोटं वर का खाली. मला काय ठाव, अण्णा? मला दिसतच न्हवतं. मी तवा रडत होतो."

आप्पांनी भावाची मान धरून जवळ ओढली. खड्ड्यातल्या मातीनं दोघांची धोतरं भरली, पण कुणी झटकली नाहीत. मास्तर बांधावरच्या एका आंब्याकडे काहीतरी बघायला गेल्यासारखे बाजूला गेले.

हाडं परत ठेवली, त्यांवर विभूती टाकली, माती लोटली. आप्पांनी डोळे पुसले आणि शिवम्मांच्या काखेकडे हात केला. "आण इकडं माझा पाय."

माझा पाय! मित्रांनो, तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या पत्र्याला घाम फुटला म्हणालो तर तुम्ही खोटं म्हणाल, पण मला तसं वाटलं खरं.

मास्तर हसून म्हणाले, "आता ह्यालाबी माझा का?"

आप्पा पट्टे आवळत म्हणाले, "वापरापुरता, मास्तर. वापरापुरता."

त्या बांधावरून घरापर्यंत आम्ही चालत आलो. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला संगमेश. आप्पा दोनदा धडपडले आणि भावाला शिव्या घातल्या. इतके दिवस बंद असलेल्या शिव्या ऐकून शिवम्मांना किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या विटांचा पुढं दुकानासमोर ओटा बांधला. अजून लोक त्यावर बसून चहा पितात.

दुखणं गेलं का? नाही. मी खोटं कशाला सांगू? पण आप्पा संध्याकाळी मास्तरांबरोबर बसायला शिकले. विहारात नव्हे, आपल्या त्या ओट्यावर, कपाळावर विभूती तशीच ठेवून. कळ आली की तिला हाकलायचं नाही, कवटाळायचंही नाही, नुसतं बघायचं, एवढंच मास्तरांनी शिकवलं. ती कशी येते, कशी चढते, कशी उतरते. "माझं दुखतंय म्हणू नको. दुखतंय म्हण," मास्तर सांगायचे. पहिल्या पहिल्यांदा आप्पा डोळे मिटून कळेलाच शिव्या द्यायचे. मग शिव्या थांबल्या. कळ यायची, पाहुण्यासारखी घडीभर टेकायची आणि निघून जायची. तिच्यासाठी कुणाला दोषी धरण्याची गरज आप्पांना पुन्हा पडली नाही.

मग सुरू झाली माझी चालायची वर्षं. आम्ही सोमवारी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो, मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्यांवर चढलो, भावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं. वाढताना कुणी म्हणालं, "आप्पा, तुमी बसा," तर आप्पा पाय आपटून म्हणायचे, "हा माझ्याहून तरणा हाय, ह्याला ईचारा." सगळी पंगत हसायची. माझं इतकं कौतुक आणखी कुणी केलं नाही.

या वर्षांत माझे चामड्याचे पट्टे तुटले, नवे आले. पोटरीला पोचे पडले, ते ठोकून काढले, आणि एकदा तर पत्राच बदलला. तळवा झिजला तेव्हा गावातल्या चांभारानं, धुळाजीनं, टायरचा तुकडा चिकटवून दिला आणि मजुरी घेतली नाही. एक दिवस खुंटीवर लटकता लटकता मला तो जुना प्रश्न आठवला. यातला मी कोणता? पट्टे पहिले नाहीत, पत्रा पहिला नाही, तळवा धुळाजीचा. पूर्वी या विचारानं मला भीती वाटली असती. आता बरं वाटलं. शिवम्मांचं फडकं, धुळाजीचा टायर, मास्तरांचे दोन शब्द, आप्पांचा घाम, संगमेशचा खांदा. एवढ्यांचं मिळून जे झालं, त्याला लोक सोयीसाठी एक पाय म्हणत होते. यातलं एकही नसतं तर मी नसतो. मग मला मी म्हणून मिरवण्यासारखं काय उरलं? आभार तेवढे उरले.

आता माझ्या टाचेला चीर पडली आहे. नवा पाय आला आहे, हलका आणि प्लॅस्टिकच्या पोटरीचा. चांगला आहे बिचारा, चकाकत बसलाय. आप्पा त्याला पहिल्या दिवसापासून पाय म्हणतात. त्याचं नशीब माझ्यापेक्षा थोर. मला कुणीतरी भंगारवाल्याला द्या म्हणालं. शिवम्मा म्हणाल्या, "ज्यानं हिंडवलं त्याला भंगारात? माज्या घरात असलं चालायचं न्हाई." म्हणून मी इथं आहे, कडुनिंबाखाली, मातीत गेलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या शेजारी.

खणून होत आलं. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जे तुमचं काम करतं, त्याला पुसत जा, खिळ्यावर विसरू नका. माझं म्हणा, पण वापरापुरतं म्हणा. आणि कुठं दुखलं तर कुणावर बोट ठेवण्याआधी जाऊन बघा. कदाचित खड्ड्यात लग्नाचं उपरणं निघेल.

संगमेशच्या केसांत आता पांढरं आलं आहे. घाम पुसत तो खड्ड्यातून वर आला. "अण्णा, लांबी पुरंल का बघा बरं. नंतर म्हणाल, वाकडा पुरला."

"ह्याची बोटं आधीपास्नंच चिकटल्याली हायती," आप्पा म्हणाले. "ह्याचं काय दुखायचं?"

दोघं हसले. शिवम्मांनी मला शेवटचं पुसलं, बोटांच्या खाचांसकट.

"कशात गुंडाळू?" संगमेशनं विचारलं.

आप्पांनी काखेतली पिशवी उघडली आणि घडी केलेलं एक कापड काढलं. घडीवर पिवळे डाग होते, पण जरीचा काठ अजून लख्ख होता. त्यांच्या लग्नातलं उपरणं. संगमेश नको म्हणायला तोंड उघडत होता, तेवढ्यात आप्पांनी ते त्याच्या हातात ठेवलं.

"घे बे. चांगलं कापड दुसरं न्हवतं घरात."